घरात मांजर आहे आणि आता कुत्र्याचं पिल्लूही आणलंय? दोघांची ओळख कशी करून द्यायची?

कुत्रा आणि मांजर एकाच गादीवर गाढ झोपलेत, असे रील्स रोज दिसतात. ते पाहून अनेक जण पिल्लू घरी आणतात आणि पहिल्याच दिवशी थेट मांजरीसमोर ठेवतात. मांजर फिसकारते, पिल्लू भुंकत मागे धावतं आणि पुढचे दोन दिवस मांजर पलंगाखालून बाहेर येत नाही.

या दोघांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, असं आपण म्हणतो. पण बऱ्याचदा बिघडतं ते घाईमुळे.

नेमकं बिनसतं कुठे?

दोघांची भाषा वेगळी असते. पिल्लू शेपूट हलवतं तेव्हा ते बहुतेक वेळा खुशीत असतं. मांजर शेपूट जोरात आपटते तेव्हा ती वैतागलेली असते. पिल्लू खेळायला बोलावतं, मांजरीला मात्र तो हल्ला वाटतो. ती पळते आणि पळणाऱ्या गोष्टीमागे धावणं हा कुत्र्याचा स्वभावच. दोन-चारदा असं झालं की पाठलाग हाच पिल्लाचा आवडता खेळ होतो.

म्हणून सगळी तयारी एकाच गोष्टीसाठी करायची : मांजरीवर पळायची वेळच येऊ नये.

सुरुवात कशी करायची?

साधारण 3 ते 14 आठवडे हा पिल्लाचा नव्या गोष्टी स्वीकारण्याचा काळ. या वयात झालेली शांत ओळख पुढे उपयोगी पडते.

1. आधी वास, मग भेट. पहिले काही दिवस दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. एकाच्या अंथरुणाचं फडकं दुसऱ्याच्या जेवणाजवळ ठेवा.

2. मध्ये दार. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना खायला द्या. दोघंही निवांत खायला लागले की जाळीच्या दारातून एकमेकांना दिसू द्या.

3. पिल्लू पट्ट्यात, मांजर मोकळी. भेटीआधी पिल्लाला अंगणात खेळवून दमवा. भेट पाच-दहा मिनिटांचीच ठेवा. त्याने मांजरीवरची नजर काढून तुमच्याकडे पाहिलं की लगेच खाऊ द्या. मांजरीला उचलून त्याच्यासमोर धरू नका.

4. वर जायला जागा. कपाटाचा माथा, माळा किंवा भिंतीवरची फळी मोकळी ठेवा. मांजरीचं खाणं आणि रेतीचा ट्रे पिल्लाच्या तोंडापासून लांब ठेवा. पिल्लं मांजरीची विष्ठाही खातात.

मांजरीचे कान मागे चपटे झाले किंवा पिल्लू ताठ उभं राहून एकटक बघायला लागलं, तर भेट तिथेच थांबवा. काही घरांत आठवड्यात जमतं, काही घरांत महिने लागतात. वेग मांजरच ठरवते. तोवर दोघांना एकटं सोडून बाहेर जाऊ नका.

कळंबसारख्या गावात वेगळी काळजी का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबमध्ये उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. अशा वेळी घरात कूलर एकाच खोलीत असेल, तर माणसांसकट सगळे तिथेच येतात. मग वेगळ्या खोल्यांचा सल्ला पाळणार कसा? शक्य असेल तर पिल्लू उन्हाळ्याआधी किंवा नंतर आणा. ते जमलं नाही तर कूलरच्या खोलीतच पिल्लासाठी मोठा पिंजरा आणि मांजरीसाठी उंच जागा करा. गरम खोलीत कुणालाच कोंडू नका आणि पाण्याची भांडी दोन ठेवा.

दुसरा धोका उघड्या दाराचा. कायम घरात राहिलेली मांजर घाबरून रस्त्यावर पळाली, तर भटकी कुत्री आणि गाड्यांपुढे तिचा निभाव लागणं कठीण. भेटीच्या वेळी बाहेरची दारं-खिडक्या बंद ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

* मांजरीने 24 तास काहीच खाल्लं नाही तर. ती लठ्ठ असेल तर उपाशी राहिल्याने यकृताचा गंभीर आजार होऊ शकतो.
* बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, जोर करतोय, पण लघवी होत नाही. ताणामुळे मूत्रमार्गाचा त्रास वाढू शकतो. मार्ग पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. सकाळची वाट पाहू नका.
* पिल्लाच्या डोळ्याला नख लागलं तर. ओरखडा छोटा दिसला तरी बुबुळाला इजा झालेली असू शकते.

जवळच्या पशुवैद्यकांचा नंबर आधीच मोबाइलमध्ये ठेवा. मोठ्या उपचारांसाठी नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

लसींचं काय?

ओळख करून देण्याआधी दोघांची तपासणी करून जंतांचं औषध द्या. पिसवा एकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्यामुळे त्यांचा उपायही दोघांवर एकाच वेळी करावा लागतो. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात दोघांनाही द्यायची असते. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर फिरवू नका.

भांडण सोडवताना मध्ये हात घालू नका. जाड चादर किंवा उशी मध्ये धरा. तरीही चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात दाखवा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

दोघं मित्र झालेच नाहीत तर?

तरी चालतं. एकाच खोलीत मांजर फळीवर डुलकी काढतेय, पिल्लू खाली लोळतंय आणि कुणी कुणाकडे लक्ष देत नाही, एवढं जमलं तरी ओळख यशस्वी झाली. त्याचा रील कदाचित फारसा चालणार नाही, पण दोन्ही जनावरं सुखात राहतील.