कावेरी द्रोणी

कावेरी द्रोणी : तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावरील खचलेला व गाळाने भरलेला भूभाग. तंजावरची सपाट भातखाचरे याच गाळावर आहेत. आज भूपट्टाची एकही सीमा येथून जवळ नाही. या सपाटीचे मूळ मात्र अशाच एका सीमेत आहे.

सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन खंड फुटत असताना भारत अंटार्क्टिकापासून अलग होऊ लागला. भूपट्ट परस्परांपासून दूर सरकू लागले की भूकवच ताणून पातळ होते, त्यात विभंग पडतात. काही ठोकळे खाली घसरतात, तर काही उंच राहतात. येथे विभंग ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने पडले. त्यांतून तंजावर, तरंगंबाडी, नागपट्टिनम हे खळगे आणि त्यांच्या दरम्यान कुंभकोणम, मन्नारगुडी येथील कटक तयार झाले. जमिनीवर यांची खूणही दिसत नाही. खनिज तेलाच्या शोधासाठी झालेल्या भूकंपीय सर्वेक्षणांतून व विंधन विहिरींतूनच ती रचना उलगडली.

क्रिटेशस काळात या खळग्यांत समुद्र शिरला. अरियलूर परिसरात सापडणारे अमोनाइटांचे जीवाश्म आणि सिमेंट कारखान्यांना लागणारा चुनखडक ही त्याच समुद्राची देणगी. पुढे कोडगूत उगम पावणाऱ्या कावेरीने गाळ आणून त्रिभुज प्रदेश घडवला. तिरुचिरापल्लीचा मलैकोट्टै हा जुन्या कठीण खडकाचा उंचवटा मागे टाकला, की पूर्वेकडे सपाटीच लागते. म्हणूनच इ. स. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरासाठी ग्रॅनाइट बाहेरून आणावा लागला. गाळाच्या प्रदेशात उभे राहिलेले हे पाषाणशिल्प त्यामुळे अधिकच थोर वाटते.

भूपट्टाची ती जुनी सीमा आता शांत आहे. तिच्या जागी निष्क्रिय किनारा उरला आहे. सक्रिय सीमा बंगालच्या उपसागरापलीकडे, सुंदा गर्तेत आहे. तेथे भारतीय भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली सरकतो. त्यातून खोल गर्ता व बॅरनसारखी ज्वालामुखी बेटे निर्माण झाली. २६ डिसेंबर २००४ रोजी या सीमेवर ९.१ तीव्रतेचा भूकंप होऊन त्सुनामी उसळली. नागपट्टिनम जिल्ह्यात ६,००० हून अधिक माणसे दगावली. पाल्कच्या सामुद्रधुनीलगतचा तंजावरचा किनारा श्रीलंकेच्या आडोशामुळे बराचसा बचावला.