लिली एकच, पण शोधायची कोणत्या नावाने?

दादरच्या फूलबाजारात पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या येतात. विकणारे त्यांना नुसतं ‘लिली’ म्हणतात. पालघर जिल्ह्यात तिची शेती होते. बोईसर-तारापूरच्या दमट हवेत ती उन्हातल्या वाफ्यात वाढते, कुंडीतही वाढते. समजा, तुम्हाला याच फुलावर संशोधन करायचंय. मग सर्चमध्ये काय टाइप कराल?

‘लिली’ टाकलंत तर लिलियमचे पेपर समोर येतील. ते थंड हवेचं फूल आणि त्याचं कुळही वेगळं. आपली ती स्पायडर लिली. ॲमॅरिलिडेसी कुळातली, मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची.

१७६३ मध्ये याक्विन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला ‘पँक्रेशियम लिटोराले’ म्हटलं. लिटोराले म्हणजे किनाऱ्यावरची. १८१२ मध्ये सॅलिसबरीने तिला ‘हायमेनोकॅलिस’ या नव्या प्रजातीत नेलं. ग्रीकमध्ये याचा अर्थ पडद्याचं सौंदर्य. फूल जवळून बघा, पुंकेसरांना जोडणारा पातळ पांढरा पेला दिसेल. पण असा पेला पँक्रेशियमलाही असतो, म्हणून घोळ होतो. बी पाहिलं की फरक कळतो: हायमेनोकॅलिसचं हिरवं, मांसल, पँक्रेशियमचं काळं, कोरडं.

हा घोळ फक्त जुन्या पुस्तकांपुरता नाही. १९८४ मध्ये जॉर्ज पेटिट आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या कंदांतून कर्करोगाच्या पेशींवर परिणाम करणारं एक संयुग वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं. वनस्पतीची नोंद पँक्रेशियम अशी होती, म्हणून संयुग झालं ‘पँक्रेटिस्टॅटिन’. पुढे वनस्पतीचं नाव दुरुस्त होऊन हायमेनोकॅलिस झालं. संयुगाचं तेच राहिलं. (कंद विषारी असतो, घरी प्रयोग नकोत!) म्हणजे फक्त आजचं नाव शोधलंत, तर या विषयातला पायाभूत पेपरच हातून निसटू शकतो.

जागेचंही तसंच. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधीची इथली जिल्हावार आकडेवारी ‘ठाणे’ या नावाखाली आहे. हे लक्षात न घेता आलेख काढलात, तर २०१४ नंतर ठाण्यातलं लिलीचं क्षेत्र एकदम घटलेलं दिसेल. शेतकऱ्याने पीक सोडलेलं नसेल, फक्त जिल्ह्याची हद्द बदललेली असेल.

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक साधा तक्ता करा: वनस्पतीची सगळी नावं, जागेची सगळी नावं आणि प्रत्येकासमोर वर्ष. एका दुपारचं काम आहे. गाइडने विचारायच्या आधीच करून ठेवा.