१७ जून : शिल्पकार तोशिको ताकाएझू यांचा जन्मदिन

जपानहून हवाईत स्थायिक झालेल्या कुटुंबात १७ जून १९२२ रोजी पेपीकेओ गावी तोशिको ताकाएझू जन्मल्या. अकरा भावंडांत त्या सहाव्या. मातीशी गाठ पडली ती होनोलुलूत. पुढे मिशिगनच्या क्रॅनब्रुक कला अकादमीत माया ग्रोटेल ही खमकी गुरू भेटली. १९५५ मध्ये जपान गाठून त्यांनी तिथल्या कुंभारांचं काम जवळून पाहिलं, झेन मठातही राहिल्या.

मग त्यांनी भांड्याचं तोंडच मिटवलं.

वर उरलं बारीकसं छिद्र, भट्टीत तापलेली हवा निसटावी इतपत. भांडं वापरण्याजोगं राहिलं नाही, पण त्याची सगळी बाहेरची बाजू चित्रासाठी मोकळी झाली. त्या त्याभोवती फिरत झिलई ओतत, कुंचला फिरवत. तोंड मिटण्याआधी कागदात गुंडाळलेली मातीची गोळी आत टाकत. भट्टीत कागद जळून जाई आणि भांडं हलवलं की आतून खुळखुळ ऐकू येई. न दिसणारी ती आतली पोकळीच त्यांना सर्वांत मोलाची वाटे.

१९६७ ते १९९२ त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवलं. न्यू जर्सीतल्या घरी राहणाऱ्या शिकाऊंना चाकाबरोबर बागेतही राबावं लागे. हे शिक्षण वर्गातल्या धड्यांहून पक्कं होतं. सत्तरीनंतरही त्या माणसाच्या उंचीची शिल्पं घडवत होत्या.

९ मार्च २०११ रोजी त्यांचं निधन झालं. प्रिन्स्टनच्या ११ सप्टेंबर स्मृतिउद्यानात त्यांनी घडवलेली कांस्यघंटा आहे.