जुन्या एमजीबीचं इंजिन : बांधून घ्यावं की बदलावं?

इंग्लंडात राहून जुन्या उघड्या गाड्यांचा नाद लागला की एमजीबी कुठे ना कुठे गाठतेच. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला ही गाडी १९६२ ते १९८० पर्यंत बनत होती. म्हणजे सर्वांत धाकटी एमजीबीसुद्धा आज चाळिशी ओलांडून गेली आहे. तेव्हा मालकापुढे कधीतरी हा प्रश्न येतोच : इंजिन खोलून बांधायचं, की काढून दुसरंच बसवायचं?

आमच्या गाडीच्या वेळी एका गॅरेजवाल्याने गाडी चढावर दम टाकते एवढं ऐकूनच "इंजिन गेलं" म्हणून सांगितलं आणि बदली इंजिनाचा भावही काढून दिला. मोजून पाहिलं तर निघालं काय, दोन शेजारशेजारच्या सिलिंडरांमध्ये हेड गॅस्केट फुटलेलं. त्यामुळे आमचं पहिलं सांगणं हेच, की आधी मोजा आणि मग ठरवा.

मोजणं अवघड नाही. इंजिन गरम करून चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन घ्या. कमी आलं तर त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. आकडा चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, म्हणजे हेड उतरवून भागेल. ऑइलचा दाबही बघा. गरम इंजिनाला चालत्या गाडीत ५० ते ८० पौंड आणि उभ्या गाडीत १० ते २५ पौंड दाब असावा असं कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल म्हणतं. त्याच्या बराच खाली काटा राहात असेल आणि खालून ठकठक येत असेल, तर बेअरिंगं घासली आहेत. निळा धूर फक्त ॲक्सिलरेटर सोडल्यावर येत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत. त्यासाठी अख्खं इंजिन टाकून देऊ नये.

हे १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन जाड ओतीव लोखंडाचं आहे, आणि आपल्याला ते परकंही नाही. आपल्याकडच्या ॲम्बॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन याच कुळातलं. तिकडचे मिस्त्री "बोअरला आलं" म्हणायचे आणि रिबोअर करून गाडी परत रस्त्यावर आणायचे. इथेही तेच करायचं आहे. ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतात, क्रँकशाफ्ट घासून अंडरसाइज बेअरिंगं बसतात, आणि सुटे भाग इंग्लंडात आजही सहज मिळतात. एक लक्षात ठेवा : १९६४ च्या शरद ऋतूपर्यंतच्या इंजिनांत क्रँकला तीन मेन बेअरिंगं होती, नंतर पाच आली. पाचवालं जास्त दणकट. हेड खोललंच आहे तर एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या, कारण शिशाचं पेट्रोल इथे २००० साली बंद झालं. नवीन कॅमशाफ्ट घातला तर पहिली वीस मिनिटं इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या वर ठेवायचं. तिथे घाई केली की कॅम आणि टॅपेट दोन्ही जातात.

आता बदलण्याविषयी. मोह होतो तो रोव्हरच्या साडेतीन लिटरच्या व्ही-८ चा. मोह खोटा नाही. कंपनीनेच १९७३ ते १९७६ या काळात एमजीबी जीटी व्ही-८ काढली होती. ते इंजिन ॲल्युमिनियमचं असल्याने लोखंडी चार सिलिंडरवाल्यापेक्षा फारसं जड नाही, पण ताकद १३७ अश्वशक्ती. साध्या एमजीबीची सुमारे ९५. मात्र कंपनीने तेव्हा नुसतं इंजिन बदललं नव्हतं. ब्रेकच्या चकत्या जाड केल्या, मागच्या ॲक्सलचा रेशो बदलला आणि कार्ब्युरेटर मागे सरकवून बॉनेटखाली बसवले. तुम्हालाही गिअरबॉक्स, रेडिएटर, एक्झॉस्ट सगळंच बदलावं लागेल. इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून जे खूश होतात त्यांचा खरा खर्च इथेच होतो, आणि अर्धवट काढलेल्या गाड्या वर्षानुवर्षं गॅरेजात पडून राहतात त्याही याच टप्प्यावर.

कागदांचंही बघा. इंजिन बदललं तर नवा नंबर डीव्हीएलएला कळवावा लागतो आणि विमा कंपनीलाही सांगावं लागतं. न सांगितल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून एमओटीची माफी आहे, पण मोठा बदल केलेला नसला तरच. त्याच जातीचं इंजिन, किंवा कंपनीनेच पर्याय म्हणून दिलेलं इंजिन, हा मोठा बदल धरत नाहीत. सिलिंडरांची संख्या बदलली की शंका येते, म्हणून काम सुरू करण्याआधीच लेखी विचारून घ्या.

आमचं मत असं : ब्लॉक तडकलेला नसेल आणि क्रँक घासण्याजोगा असेल, तर बांधूनच घ्यावं. ब्लॉकच गेला असेल तर दुसरं बी-सिरीज शोधावं. व्ही-८ त्यांनीच घालावं ज्यांना वेगळीच गाडी हवी आहे आणि ब्रेकपासून ॲक्सलपर्यंतचे पैसे आधी बाजूला काढलेले आहेत. आणि बदललंच, तर जुनं इंजिन भंगारात देऊ नका. ऑइल लावून, गुंडाळून कोपऱ्यात ठेवा. उद्या गाडी विकायची वेळ आली तर घेणारा पहिल्यांदा मूळ नंबराचं इंजिन आहे का, हेच विचारतो.