हायड्रोकार्बनांचे रेणुसूत्र
कार्बन व हायड्रोजन यांचे वजनी प्रमाण कळल्याने हायड्रोकार्बनाचे रेणुसूत्र निश्चित होत नाही. मायकेल फॅराडे यांनी १८२५ मध्ये शोधून काढलेले बेंझीन आणि ॲसिटिलीन या दोहोंत १२ भाग कार्बनास १ भाग हायड्रोजन असतो. तथापि सामान्य तापमानास बेंझीन द्रवरूप, तर ॲसिटिलीन वायुरूप असते. आव्होगाड्रो यांच्या गृहीतकाच्या (१८११) आधारे कान्नीद्झारो यांनी १८५८ मध्ये बाष्पघनतेवरून रेणुभार काढण्याची रीत प्रस्थापित केली. हायड्रोजनाच्या तुलनेतील बाष्पघनतेची दुप्पट म्हणजे रेणुभार होय. बेंझिनाची बाष्पघनता ३९, म्हणून रेणुभार ७८. त्यास १३ (१२ + १) ने भागल्यास ६ येतात. अर्थात त्याच्या रेणूत कार्बन व हायड्रोजन यांचे प्रत्येकी सहा अणू असतात. ॲसिटिलिनाचा रेणुभार २६ असल्याने त्यात ते प्रत्येकी दोन असतात. बेर्तलो यांनी १८६६ मध्ये ॲसिटिलीन तापवून बेंझीन मिळविले. तिनांचा एक रेणू होतो, हे या गणिताशी जुळते.