फ्यूशिया: वॅपिंगच्या खिडकीपासून वाकोल्याच्या खिडकीपर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेलं बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे एक फूल. नाव फ्यूशिया. फोटो बहुतेकांनी पाहिलाय. उलटं लटकणारं झुमक्यासारखं फूल, वरच्या पाकळ्या लाल, आत जांभळा घागरा, आणि त्यातून खाली लोंबणारे लांब तंतू. असा फोटो फोनवर दिसतो, रोप कार्टमध्ये जातं, डिसेंबरात घरी येतं. वाकोल्यात खिडकीच्या ग्रिलमध्ये, तुळस आणि कोरफडीच्या मध्ये त्याला जागा मिळते. जानेवारीत ते फुलतं. एप्रिलमध्ये मरतं. आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "माझ्या हाताला गुणच नाही, झाडं जगतच नाहीत."

हे वाक्य खोटं आहे, आणि ते का खोटं आहे हे कळायला थोडा इतिहास लागतो.

सुरुवात नावापासून करू. लिओनहार्ट फुक्स हा सोळाव्या शतकातला जर्मन वैद्य, ट्यूबिंगेनला प्राध्यापक. 1542 मध्ये त्याने औषधी वनस्पतींवर एक मोठा सचित्र ग्रंथ काढला. त्यात मक्याचं आणि मिरचीचंही चित्र आहे, म्हणजे अमेरिकेतल्या वनस्पती तोवर युरोपच्या परसात पोचल्या होत्या. पण फ्यूशिया त्याने कधी पाहिलीच नाही. तो 1566 मध्ये वारला. पुढे शतक उलटून गेल्यावर शार्ल प्लुमिए नावाचा फ्रेंच धर्मगुरू, राजाच्या पदरी वनस्पती शोधणारा, कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावर फिरत होता. तिथल्या डोंगरात त्याला हे झुडूप दिसलं. 1703 मध्ये त्याने ते पुस्तकात छापलं आणि फुक्सच्या सन्मानार्थ त्याला नाव दिलं. बरं, फुक्स या शब्दाचा जर्मन अर्थ कोल्हा. एवढ्या नाजूक फुलाच्या नावात कोल्हा बसलाय!

तिथल्या लोकांकडे या झाडांना आपापली नावं होतीच. चिलीतले मापुचे लोक त्यांच्याकडच्या जातीला चिल्को म्हणतात. ते नाव जगभर पसरलं नाही. पसरलं ते ज्याने झाड पाहिलंही नव्हतं त्याचं.

आता या भागातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. ही कुंडीची गोष्ट आहे.

लंडनजवळ हॅमरस्मिथला जेम्स ली नावाच्या माणसाची मोठी रोपवाटिका होती. गोष्ट अशी सांगतात की, 1790 च्या आसपास एक गिऱ्हाईक त्याला म्हणालं, तुझ्या सगळ्या बागेत नाही असं सुंदर झाड मी वॅपिंगमध्ये एका खिडकीत पाहिलं. वॅपिंग म्हणजे थेम्सच्या काठची गोदीतल्या कामगारांची आणि खलाशांची वस्ती. ली लगेच तिथे गेला. खिडकीतली कुंडी एका खलाशाच्या बायकोची होती. नवऱ्याने दूरच्या सफरीवरून तिच्यासाठी आणलेलं रोप, त्यामुळे ती विकायला तयार नव्हती. लीने खिसे रिकामे केले. आठ गिनी निघाल्या, आणि त्या काळी एका कष्टकरी घराला ती रक्कम फार मोठी होती. शिवाय नवी रोपं तयार झाली की त्यातलं पहिलं तुला देईन असा शब्द दिला. ती मानली.

लीने त्या एका झाडाची फांदी न् फांदी कापून छाटकलमं केली, ती वाढल्यावर पुन्हा त्यांची कलमं केली. पुढच्या बहरापर्यंत तीनशे रोपं झाली. एकेक रोप गिनीला एक. दोन फुललेल्या कुंड्या तो दर्शनी ठेवायचा, घोडागाड्यांतून बायका यायच्या, कुंडी घेऊन जायच्या, मग त्यांच्या मैत्रिणी यायच्या. आठ गिनींचे तीनशे झाले. गणित तुम्ही करा.

ही गोष्ट छापून आली ती पुष्कळ वर्षांनी, तेव्हा तिच्यात मीठमसाला आहे हे धरून चाला. लंडनच्या क्यू उद्यानातली नोंद सांगते की 1788 मध्ये कॅप्टन फर्थ नावाच्या माणसाने तिथे फ्यूशियाचं रोप दिलं. म्हणजे कॅप्टनचं नाव आहे, लीचं आहे, फुक्सचं आहे, प्लुमिएचं आहे. त्या खिडकीतल्या बाईचं नाव मात्र एकाही कथनात नाही. तिने ते रोप लंडनच्या धुरकट गल्लीत कुंडीत जगवलं आणि फुलवलं, आणि गोष्ट खरी असेल तर या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम तिनेच केलं होतं. तिला शब्दाप्रमाणे रोप मिळालं असंही गोष्टीत आहे. मला ते खरं वाटावंसं वाटतं.

नंतर युरोपात या फुलाची लाटच आली. मेक्सिकोतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या जातींचे संकर झाले, काचघरं भरली. इतकी की 1859 मध्ये फ्रान्समध्ये एक नवा झगझगीत कृत्रिम रंग तयार झाला, तेव्हा त्याला फुक्सीन म्हणायला लागले. त्याच वर्षी इटलीत मॅजेंटा गावाजवळ लढाई झाली आणि त्याच रंगाला मॅजेंटा हे नाव पडलं. दादरच्या साडीच्या दुकानात ज्याला आपण राणी कलर म्हणतो ना, तो याच घराण्यातला. अजून एक. क्षयरोगाच्या तपासणीत थुंकीचा नमुना काचेवर घेऊन त्यातले जंतू लाल रंगवतात, तो रंगही फुक्सीनच. म्हणजे फूल मुंबईत टिकत नाही, पण त्याचं नाव इथल्या प्रयोगशाळांमधल्या बाटल्यांवर आहे.

आता वाकोला. हा भाग साष्टी बेटातला. साधारण दोनशे वर्षं साष्टी पोर्तुगीजांकडे होती, 1737 ते 1739 च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी ती घेतली. त्या पोर्तुगीज काळात अमेरिकेतली किती झाडं या किनाऱ्यावर उतरली बघा: पपई, अननस, काजू, मिरची. पेरूही तिकडचाच. दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. भिंतीवर चढलेली बोगनवेल ब्राझीलकडची. ही सगळी इथे अशी रुजली की परकी वाटतच नाहीत. मग फ्यूशियानेच काय घोडं मारलंय?

उत्तर आहे उंची आणि गारवा. पपई, काजू ही उष्ण सखल भागातली झाडं. फ्यूशियाच्या बहुतेक जाती ढगात बुडालेल्या डोंगरउतारांवरच्या, नाहीतर चिलीच्या गार दक्षिणेतल्या. दिवसा सावली, सतत ओल आणि मुख्य म्हणजे थंड रात्र, ही तिची गरज. आणि वाकोल्याच्या रात्री कशा असतात हे सांगायला आपल्याला लांब जावं लागत नाही, सांताक्रूझची वेधशाळा शेजारीच आहे. तिथे जानेवारीत रात्रीचं सरासरी किमान तापमान 17 अंशांच्या आसपास असतं. मे महिन्यात तेच 27 च्या घरात. जानेवारी 1962 मध्ये एकदा तिथे 7.4 अंश नोंदले गेले होते. त्या पहाटे वाकोल्यात फ्यूशिया असती तर तिला घरी आल्यासारखं वाटलं असतं.

झाड दिवसा साखर बनवतं आणि रात्री श्वसनात त्यातली काही खर्च करतं. रात्र गरम असली की खर्च वाढतो. कळ्या आधी गळतात, मग पानं. त्यात कुंडीतली माती तापली की मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि झाड माना टाकतं. आपण काय करतो? सुकलं म्हणून अजून पाणी घालतो. माती आधीच ओली असते, मुळं कुजतात, आठवड्यात खेळ खलास. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा: फ्यूशिया दुपारी मलूल दिसली तर आधी बोट मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको, फक्त सावलीत हलवा, पानांवर थोडा फवारा मारा.

आता कोणी म्हणेल, बटाटा पण अँडीज पर्वतातलाच, तो कसा इथे पिकतो? बरोबर. बटाट्यालाही कंद धरायला गार रात्र लागते, म्हणूनच देशाच्या मैदानी भागात तो मुख्यतः हिवाळ्यात घेतात. शेतकऱ्याने बटाट्याला हवामान नाही दिलं, ऋतू दिला. फ्यूशियाला तसंच वागवायचं. नोव्हेंबरच्या मध्यानंतर रोप आणा. पूर्वेची खिडकी, सकाळचं कोवळं ऊन, अकरानंतर सावली. प्लास्टिकची काळी कुंडी नको, मातीची घ्या. ती पाझरते आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत माठासारखी गार राहते. मेच्या दमट हवेत माठाची ही युक्तीही थकते, हे तुम्हाला माहीतच आहे. माती भुसभुशीत, गांडूळखत आणि कोकोपीट मिसळलेली. रोप लहान असताना शेंडे खुडत राहा, कारण फुलं नव्या फांदीच्या टोकाकडे येतात, जितक्या फांद्या तितकी फुलं. फूल गळल्यावर मागे राहणारं फळ काढून टाका, नाहीतर झाड बी धरण्याच्या नादाला लागतं. फळ खाता येतं, पण रोपावर औषध मारलेलं नाही याची खात्री असेल तरच.

आणि मार्चमध्ये ते उतरणीला लागलं तर लागू द्या. झेंडू गेला म्हणून आपण कुठे रडतो?

तरी एखाद्याला ती वर्षभर टिकवायची जिद्द असेलच, तर एक जात बघा. प्लुमिएने हिस्पॅनिओलात पाहिलेली ती पहिली फ्यूशिया, ट्रायफिला. ती उष्ण कटिबंधातल्या बेटावरची. प्लुमिएचं चित्र इतकं ओबडधोबड होतं की युरोपात लोक तिच्यावर शंकाच घेत राहिले, आणि जिवंत रोप तिथे फुललं ते थेट 1880 च्या दशकात. तिच्यापासून जर्मनीत 1905 मध्ये गार्टनमाइस्टर बोनस्टेड्ट नावाचा वाण तयार झाला. गडद तांबूस पानं, लांब नळीसारखी केशरी-लाल फुलं, घागरा वगैरे काही नाही. फोटोत ती कमी देखणी दिसते. पण उन्हाळा इतरांपेक्षा जास्त सोसते. वाकोल्याच्या मेमध्ये तीही फुलायची थांबेल, पण सावलीत ठेवलीत तर जगण्याची शक्यता तिचीच जास्त. फेब्रुवारीत दोन-तीन बोटं लांबीची छाटकलमं करून ठेवा, लीने केली तशी, आणि त्यातलं एखादं शेजारी द्या.

पुढच्या भागात बोगनवेल. ती ज्या फ्रेंच सफरीत युरोपीय संशोधकांच्या हाती लागली, त्या जहाजावर पुरुषाच्या वेशात एक बाई होती. तिचं नाव मात्र आपल्याला माहीत आहे: जान बारे. भेटू.