अ‍ॅग्नेसशेजारची जागा

इंग्लंडच्या केंटमधलं वॉल्मर, साल 1911. समुद्रकाठच्या या घरात शिरताना पावलं हळू टाका. खुर्चीत बसलेले गृहस्थ 84 वर्षांचे आहेत. डोळे अधू झालेत, ऐकूही नीट येत नाही. मांडीवरचे हात मात्र बघून घ्या. ज्या हातांमुळे आज तुमच्या गावातल्या छोट्या दवाखान्यातही टाके घालायच्या आधी जखम जंतुनाशकाने पुसली जाते, ते हे हात. हे सर्जन जोसेफ लिस्टर.

आता जुन्या लाल लाइफबॉयला जो उग्र वास यायचा, तो आठवा. तो कार्बॉलिकचा. त्याचा माग धरून 46 वर्षं मागे चला.

12 ऑगस्ट 1865, ग्लासगो रॉयल इन्फर्मरी. इथे कार्बॉलिकच्या आधी दुसराच वास येतो आणि तुमचा हात आपोआप नाकाशी जातो. माणसाचं मांस सडल्याचा तो वास. खराब हवेने जखमा सडतात, अशी इथल्या बहुतेक डॉक्टरांची समजूत आहे. अडतीस वर्षांच्या लिस्टरना ती पटत नाही. सडण्यामागे सूक्ष्मजंतू असतात हे दाखवणारे फ्रान्समधल्या पाश्चरचे प्रयोग त्यांनी वाचले आहेत. कार्लाइल गावात सांडपाण्याची दुर्गंधी कार्बॉलिक अ‍ॅसिडने जाते, हेही कानावर आलं आहे.

एका मुलाला आत आणतात. जेम्स ग्रीनलीज, वय 11. गाडीचं चाक डाव्या पायावरून गेलंय, नडगीचं हाड मोडलंय, वर कातडी फाटलीय. अशा पायाचं काय होतं ते वॉर्डात सगळ्यांना माहीत आहे. पाय कापायचा, आणि कापूनही जीव वाचेलच असं नाही. 1864 आणि 1866 या दोन वर्षांत लिस्टर यांच्याच वॉर्डात 35 जणांचे अवयव कापावे लागले, त्यातले 16 दगावले. लिस्टर पाय कापत नाहीत. कार्बॉलिकमध्ये भिजवलेला कापडाचा बोळा जखमेवर ठेवतात.

चौथ्या दिवशी पट्टी सुटते तेव्हा तुम्हीही खाटेजवळ असा. वाकून वास घ्या. फक्त कार्बॉलिक. सडल्याचा मागमूस नाही. सहा आठवडे आणि दोन दिवसांनी हाड पक्कं जुळलेलं असतं. 1866 नंतरच्या तीन वर्षांत त्यांच्या वॉर्डात 40 जणांचे अवयव कापले गेले आणि सहा दगावले. मला हे आकडे वाचताना दर वेळी त्या उरलेल्या माणसांची घरं दिसतात.

जून 1867. लिस्टर यांचं ग्लासगोचं राहतं घर. इथे तुमचा पाय उचलणार नाही, कारण आज रोगी म्हणून त्यांची सख्खी बहीण आली आहे. इझाबेलाला स्तनाचा कर्करोग आहे आणि इतर सर्जननी शस्त्रक्रियेला नकार दिलाय. भावाने आधी एडिनबरोला जाऊन सासऱ्यांचा, म्हणजे नामांकित सर्जन जेम्स साइम यांचा सल्ला घेतला. आज क्लोरोफॉर्म देऊन, हत्यारं कार्बॉलिकमध्ये बुडवून, ते स्वतःच्या बहिणीवर चाकू चालवतात. जखम न सडता भरून येते. ती आणखी सुमारे तीन वर्षं जगते. वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवलं, की परक्या बाईवर केली असती तितकीच नीट शस्त्रक्रिया झाली, पण असा प्रसंग पुन्हा नको. एवढ्या संयमातूनही भावाचा जीव किती गलबलला असेल ते कळतं.

रात्री दिव्याजवळ बघा. लिस्टर येरझारा घालत सांगताहेत आणि अ‍ॅग्नेस लिहून घेते आहे. ही साइम यांची थोरली मुलगी. लिस्टर क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या घराण्यातले. पंथाबाहेरच्या मुलीशी लग्न करायचं म्हणून त्यांनी पंथ सोडला. 1856 साली लग्न झालं आणि मधुचंद्रातही दोघं युरोपातली इस्पितळं पाहत फिरली. तेव्हापासून प्रयोगांच्या वह्यांत पानंच्या पानं तिच्या अक्षरात आहेत. त्यांना मूल झालं नाही. अँटिसेप्टिक शस्त्रक्रियेच्या इतिहासात तिचं नाव एका ओळीत उरकलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एका वॉर्डात क्षणभर थांबा. गुडघ्याला गळू झालेल्या एका लहान मुलीची पट्टी बदलून होते. ती चादरीखालून बाहुली काढून पुढे करते. बाहुलीचा पाय तुटलाय, भुसा सांडतोय. लिस्टर पाय जागेवर लावून बघतात, नर्सकडे सुई-दोरा मागतात आणि टाके घालतात. घाई नाही, तोंडावर हसू नाही. टाके पक्के बसल्यावरच बाहुली परत मिळते. मुलीचा चेहरा तुम्ही बघालच. मी त्यांच्या बोटांकडेच बघत राहिलो असतो.

एप्रिल 1893, इटलीतलं रापालो. वसंतात दोघं मिळून भटकायची, रानफुलं गोळा करायची, ही जुनी सवय. इथे अ‍ॅग्नेसला न्यूमोनिया होतो. चार दिवसांत ती जाते. जखमेतलं सडणं ज्याने थांबवलं, त्या माणसाकडे या तापावर काहीच नाही. तुम्हीही खोलीबाहेर थांबा.

लंडनला, तेव्हाच्या आपल्या घरी, परतल्यावर त्यांनी खासगी रोगी पाहणं सोडलं. मानमरातब येत राहिले. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद आलं, 1897 मध्ये लॉर्डपद आलं. घरी मेहुणी लूसी सोबतीला होती.

10 फेब्रुवारी 1912 ला वॉल्मरच्या घरात त्यांनी डोळे मिटले. आता 16 तारखेला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत गर्दीतून वाट काढत या. देशाने मोठ्या माणसांसाठी राखलेल्या या जागेत त्यांनाही जागा देऊ केली होती. पण त्यांनी आपली इच्छा आधीच सांगून ठेवली होती. प्रार्थना संपते, शवपेटी उचलली जाते आणि तिथून हॅम्पस्टेडच्या दफनभूमीकडे निघते. तुम्ही मागोमाग चालत राहा. तिथे जवळजवळ 19 वर्षांपूर्वीच्या एका थडग्याशेजारी नवी माती उकरून ठेवलेली आहे.